कागदावर नसलेलं वाक्य

ये गं मंजिरी, अशी इकडे ये, जवळ बस. दारात उभं राहून "काकू, लेख झाला का?" विचारायचं आणि गाडी चालू ठेवलीय म्हणून पळायचं, ही काय पद्धत झाली? वर्षभरात तुझे तीन फोन आले, तिन्ही मंडळाच्या दिवाळी अंकासाठी. इथे मस्कतला, मदिनत सुलतान काबूसमध्ये तुझ्या घरापासून माझ्या मुलाचं घर चालत सात मिनिटांवर. मी उन्हातून चालून मोजलीत. आणि चुकून आलीस तर खीर पुढे केल्यावर म्हणतेस, "आधी तुम्ही घ्या ना काकू." हसून म्हणतेस, पण म्हणतेस. मी घास घेतल्याशिवाय तुझा चमचा हलत नाही. मला दिसत नाही असं वाटतं का तुला?

तुझा दोष नाही म्हणा. खिरीत काहीतरी कालवणारी बाई म्हणून तू मला आधी ओळखलंस, शेजारीण झाले ती नंतर. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. मी एका दुपारच्या मराठी मालिकेत नऊ वर्षं सासू होते. गोदाक्का माझं नाव. तिकडे दुपारी एकला लागायची, म्हणजे इथे मस्कतला साडेअकराला. कुकर लावून बायका बसायच्या आणि शिट्ट्यांच्या वेळी मी नेमकं काहीतरी वाईट करत असायची.

लोकांचं काय सांगू! गेल्या वर्षी इथल्याच एक बाई मला गाडीत घालून आपल्या घरी घेऊन गेल्या. चहा झाला, चिवडा झाला, मग हळूच म्हणाल्या की आमच्या सुनेशी जरा बोलून बघा, ती खरं बोलते की खोटं ते तुम्हाला लगेच कळेल. मी म्हटलं, अहो मी नटी आहे, फौजदार नाही. तरी सुनेला बाहेर बोलावलंच. ती बिचारी मला पाहून इतकी चपापली, की तिने स्वतःचं नाव सांगितलं असतं तरी खोटं वाटलं असतं. मी तिचीच बाजू घेऊन उठले. तेव्हापासून सासू माझ्याशी बोलत नाही.

तुला लेखात माझी कारकीर्द पाहिजे होती, पुरस्कारबिरस्कार. ते नाही जमणार. मी सातवी पास. शिकवलं मला कुणीच नाही. महाडला मी ब्लाउज शिवायची. एका नाटक मंडळीचे कपडे माझ्याकडे आले, मी तालमीच्या खोलीतच मशीन मांडून बसायची, आणि महिनाभर ऐकून ऐकून सगळ्यांची भाषणं मला पाठ झाली. प्रयोगाच्या दिवशी एक बाई आल्या नाहीत. मॅनेजर म्हणाला, विमल, तूच उभी राहा. राहिले. त्यानंतर कधी खाली बसलेच नाही.

मालिकेत तर मी सगळं केलंय. गोदाक्का व्हायच्या आधी त्याच मालिकेत मी तीन दिवस सुईण होते, पुढे एकदा हवालदाराची आई, एकदा नुसतीच देवळातली बाई, जी नायिकेला म्हणते, "पोरी, जपून." मग पहिल्या गोदाक्कांचं आणि निर्मात्यांचं बिनसलं आणि एका शनिवारी मला सांगण्यात आलं की सोमवारपासून गोदाक्का तुम्ही. पडद्यावर एक ओळ फिरली, की आजपासून ही भूमिका अमुक अमुक करतील. झालं. बाईंचं मंगळसूत्र माझ्या गळ्यात, बाईंच्या साड्या माझ्या अंगावर. ब्लाउज तेवढे मी रात्रीतून उसवून मोठे केले. मालिकेतला मुलगा समोर येऊन मला "आई" म्हणाला आणि कॅमेरा सुरू. आदल्या शुक्रवारी त्याने हाच शब्द दुसऱ्या बाईला म्हटला होता.

हे नीट लक्षात घे, कारण पुढचं सगळं यातून आलंय. जी बाई दुसरीच्या साड्यांत शिरते, तिला रोज वाटत असतं की आपल्या साड्यांत शिरणारी तिसरी कुठेतरी जेवून हात धुतेय.

आता धंद्याची एक गोष्ट सांगते. रोजची मालिका म्हणजे आज चित्रण आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी प्रसारण. भाग शिल्लक नसतात. लेखक मुंबईत बसून आजचे कागद आज सकाळी पाठवतो. उद्या आपलं काय होणार हे आपल्याला ठाऊक नसतं, आणि ज्यांना ठाऊक असतं ते सांगत नाहीत, कारण सांगितलं की ते पेपरात जातं. मग आम्ही नट मंडळी खुणा वाचतो. तुमचे प्रसंग कमी झाले, खूण. तुम्ही सारखं खोकावं असं कागदावर आलं, मोठी खूण. तीर्थयात्रेचा विषय निघाला तर बॅग भरायला घ्यावी, कारण मालिकेतल्या यात्रेहून फार थोड्या बायका परत आल्यात. आणि सगळ्यात वाईट खूण म्हणजे प्रॉडक्शनवाल्याने तुमचा एकटीचा फोटो मागणं. तो फोटो मोठा होतो, त्याला चौकट लागते, हार लागतो आणि तो हॉलच्या भिंतीवर जातो. तुम्ही मात्र घरी.

संशय हे तर माझं कामच होतं. दिग्दर्शकाने "संशय" म्हटलं की नव्या मुली डोळे बारीक करतात, भुवई उडवतात. तसं नसतं गं. ब्लाउजाचं माप घेताना बाई पोट आत ओढते, ते पोटाकडे बघून कळत नाही, हातांकडे बघून कळतं. मुठी वळलेल्या असतात. तेच मी कॅमेऱ्यासमोर केलं. समोरचा बोलत असला की मी त्याच्या हातांकडे बघायची, बस. घरोघरच्या बायका म्हणायच्या, हिला सगळं कळलंय. मला काही कळलेलं नसायचं. पण सवय लागली, आणि ती सवय घेऊनच मी पहिल्यांदा ओमानला आले.

मालिकेतल्या धाकट्या मुलाला इथल्या दुक्म बंदरावर नोकरी लागते आणि आई-वडील त्याला भेटायला येतात, असा पंधरा दिवसांचा मामला होता. आमचा मुक्काम इथेच, मदिनत सुलतान काबूसमधल्या एका भाड्याच्या बंगल्यात. त्याच बंगल्यात राहायचं आणि त्याच्याच हॉलमध्ये चित्रण. आबा, म्हणजे मालिकेतले माझे यजमान, हे काम करणाऱ्यांना आम्ही सगळे नाना म्हणायचो. मूळचे रत्नागिरीचे. नाटकात चाळीस वर्षं घासलेला माणूस. मी पहिल्या दिवशी दुसरीचं मंगळसूत्र घालून कोपऱ्यात उभी होते तेव्हा नाना जवळ आले आणि म्हणाले, "विमलताई, मी तुमचा तिसरा नवरा असेन कदाचित, पण तुम्ही माझ्या सातव्या बायको. काळजी करू नका, मला संसाराची सवय आहे." सेटवर माझं म्हणावं असं एकच माणूस, नाना.

गाड्यांची आणि परवानग्यांची व्यवस्था सलीमभाईंकडे होती. ते दापोलीकडचे, निझवाला त्यांचं दुकान, तीस वर्षं इथे. पहिल्याच दिवशी गाडीत मी नेहमीसारखी त्यांच्या हातांकडे बघत बसले, तर आरशातून म्हणाले, "काकी, हात कशाला बघताव? स्टेअरिंग सोडून कुठं ठेवू मी ते?"

तिसऱ्या दिवशी सकाळी आमचा प्रॉडक्शन मॅनेजर दिलीप माझ्याकडे आला. दिलीप म्हणजे सतत दोन फोनवर बोलणारा, कधीही सरळ उत्तर न देणारा मुलगा. मान खाली घालून म्हणाला, काकू, त्या पांढऱ्या भिंतीपुढे जरा उभ्या राहा, एक फोटो काढायचाय. मी विचारलं, कुणाकुणाचा? म्हणाला, फक्त तुमचा. कशाला, विचारलं, तर म्हणाला, असंच, लागतो. आणि त्याची बोटं फोनच्या पाठीवर टकटक वाजत होती.

मी उभी राहिले. हसले नाही. म्हटलं, भिंतीवर लावायचाच असेल तर निदान हसरा मिळू नये यांना.

मग काय विचारतेस! डोळ्यांना एकदा रंग लागला की सगळं त्याच रंगाचं. त्या दिवशी कपडेपटातल्या मुलीने माझ्यासाठी फिकी साडी काढली. आदल्या दिवसापर्यंत गडद असायच्या. दुपारी सलीमभाई आणि दिलीप दुक्मच्या रस्त्याबद्दल बोलत होते, की लांबचा आहे, मोकळा आहे, मधे काहीच नाही, वाळू आणि उंट. मी दारात दिसले तसे दोघे गप्प झाले. मी मनात पुढचा भाग लिहूनच टाकला. गोदाक्का मुलाला भेटायला दुक्मला निघते, रस्त्यात गाडी उलटते, मुलगा फोन कानाला लावून "आई" म्हणून ओरडतो, संपलं. स्वस्तात काम. गाडी दाखवायचीही गरज नाही.

आणि नाना. मला तेच तर जास्त लागलं मनाला. नाना दोन दिवसांपासून माझ्याकडे सरळ बघत नव्हते. संध्याकाळी पत्ते खेळायला बसायचो ते बसेनात. डोकं दुखतंय म्हणाले. आणि उजवा हात सतत कोटाच्या खिशात. ओमानातल्या उन्हात कोट! मी विचारलं, नाना, थंडी वाजते का? तर म्हणाले, एसीची. पण मुळात ते मला टाळत होते. मी म्हटलं, यांना सांगितलेलं दिसतंय. सातव्या बायकोचा फोटो भिंतीवर जाणार आहे आणि आठवी कोण तेही यांना ठाऊक आहे.

तुला वाटेल, काकू, एवढं काय त्यात, एक मालिका गेली तर दुसरी. अगं, मला त्या वेळी छप्पन्न वर्षं झाली होती. त्या वयाच्या बाईला एक मालिका गेली की लोक पहिल्या महिन्यात फोन करतात, दुसऱ्या महिन्यात उचलतात, आणि मग तिची भेट लग्नातच. मला दुसरं काही येत नव्हतं. ब्लाउज शिवायला डोळे राहिले नव्हते. गोदाक्का गेली असती तर मी नुसती विमल उरले असते, आणि तिला कुणी ओळखत नव्हतं.

म्हणून मी ते केलं.

पाचव्या दिवशी त्या बंगल्याच्या स्वयंपाकघरात माझा आणि धाकट्या मुलाचा प्रसंग होता. साधा होता. मी त्याला वाढते, तो म्हणतो की आई, तू इथेच राहा, मी म्हणते, तुझ्या आबांना कोण बघेल, तू आधी जेव. कागदावर इथेच संपत होतं. आमच्यात जुन्या नटांची एक युक्ती आहे. आपल्याला काढणार असा वास आला की एखादं गुपित आपल्या पोटात ठेवून द्यायचं. बोलून टाकायचं पडद्यावर, की मला काहीतरी माहीत आहे. लोक विचारत राहतात, की काय माहीत आहे? मग लेखकाला तुम्हाला मारता येत नाही, कारण गुपित तुमच्याबरोबर जाईल. चित्रण परत करायला वेळ नसतो, भाग परवा दाखवायचा असतो. बोललेलं ते राहतं.

मी पोळी वाढली आणि कागदावर नसलेलं बोलले. "तुझ्या आबांची एक गोष्ट माझ्या पोटात आहे बाळा. पण ते आहेत तोवर मी ती बोलणार नाही."

पोरगा खरंच दचकला. घास तसाच हातात. दिग्दर्शक म्हणाला, काकू, कमाल, हेच ठेवू. दिलीपने दोन्ही फोन खाली ठेवले. मी स्वतःवर इतकी खूश होते म्हणून सांगू! वाटलं, झाली आपली सोय, वर्षभराची तरी.

ते वाक्य परत एकदा वाच मंजिरी. ते आहेत तोवर बोलणार नाही. मी स्वतःसाठी कडी लावत होते आणि ती कुठल्या दाराला लागली ते मी पाहिलंच नाही. लेखकाला आता ते गुपित कधी ना कधी फोडायचं होतं, आणि मी त्याला फोडायची वाट एकच ठेवली होती.

दहाव्या दिवशी आम्ही दुक्मला गेलो. पहाटे निघालो, दुपार झाली पोचायला. मी रस्ताभर गाडीची दांडी धरून बसले होते. सलीमभाई म्हणाले, "काकी, येवढ्या घट्ट धरल्यावर गाडी उलटायची राहील का?" मी दुसरा हातही दांडीला लावला. तेव्हा तिथे बंदराचं, गोदीचं काम जोरात होतं. फाटकावर रखवालदाराने सगळ्यांचे पास मागितले. सलीमभाईंनी एक गठ्ठा काढला. प्रत्येक पासावर प्रत्येकाचा फोटो. माझ्या पासावर पांढऱ्या भिंतीपुढचा, न हसलेला, अगदी पकडून आणल्यासारखा.

मी तो हातात घेऊन बघतच राहिले. सलीमभाई हळू आवाजात म्हणाले, "दिलीपवर रागावू नका. मुंबईत दिलेले तुमचे फोटो त्यानं हरवले. चार दिस माझ्या मागं लागला होता, काकीला सांगू नका, त्या सगळ्यांपुढं पाणउतारा करतात. आता पास झाला ना? खलास."

म्हणजे फोटो पासासाठी. कुजबुज हरवलेल्या फोटोंसाठी. फिकी साडी का, तर गडद साड्यांची पेटी विमानतळावर एक दिवस अडकली होती. तेही दिलीपने लपवलं होतं. अख्खा कट एका वेंधळ्या मुलाचा होता आणि तो माझ्या तोंडाला भिऊन केलेला होता. मला हसू यायला पाहिजे होतं. आलंही. मग मी मागच्या सीटवर नानांकडे पाहिलं, आणि ते मला पाहून खिडकीबाहेर बघायला लागले. मग हे का?

आतलं मला अजून आठवतं. सगळी पुरुष मंडळी. पत्र्याच्या लांबलचक खोल्या, दोऱ्यांवर निळे डगले वाळत घातलेले, आणि त्या मैदानात आमच्या भोवती दीडदोनशे माणसं गोळा झालेली. संगमेश्वरचे, लांज्याचे, सिंधुदुर्गातले. कुणी वेल्डर, कुणी आचारी, कुणी क्रेन चालवणारा. मला वाटलं, ही माणसं आमची मालिका कशाला बघतील? बायकांची मालिका ती.

एक वेल्डर पुढे आला, पस्तिशीचा असेल, हाताला पट्टी बांधलेली. मला नमस्कार करून म्हणाला, "काकू, आबांची गोष्ट काय आहे ते सांगा. घरचीनं विचारून ठेवलंय."

मी विचारलं, तुम्ही बघता? तर मान हलवून म्हणाला की बघावीच लागते. दोन वर्षांतून एकदा घरी जायचं. रोज फोनवर काय बोलणार? जेवलीस का, जेवलो, पोरं बरी आहेत, बरी आहेत. मग दोघंही गप्प. म्हणून तो रोजचा भाग इकडे मोबाइलवर बघतो, बायको तिकडे बघते, आणि रात्री दोघं मिळून गोदाक्काला शिव्या देतात. "दहा मिनिटं कशी जातात कळत नाही," म्हणाला. आजूबाजूचे हसले, पण नुसतेच हसले, कुणी नाही म्हणालं नाही. "गेले तीन दिवस तर नुसतं आबांचंच. ती म्हणते, आबांचं दुसरं घर असणार. मी म्हणतो, आबा तसा नाही. तुम्ही सांगा, कोण जिंकलं?"

नाना माझ्या शेजारी उभे होते. त्यांनी डाव्या हाताने त्या वेल्डरच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "तुम्ही जिंकलात. आबा तसा नाही."

त्या दिवशी संध्याकाळी मुंबईहून लेखकाचा फोन आला. तरुण मुलगा, हुशार. भलताच खुशीत होता. म्हणाला, काकू, लोक वेडे झालेत तुमच्या त्या वाक्यावर, आता सांगा, तुमच्या डोक्यात काय होतं? कोणती गोष्ट? मंजिरी, इथे मला थांबता आलं असतं. मी म्हणू शकले असते की बाबा, चुकून बोलले, विसरून जा. किंवा म्हणायचं, की आबांनी लपून कुणाची तरी शिक्षणं केली, कुणाचं तरी भलं केलं. तोंडावर आलेलंही होतं. पण अख्खं मैदान माझ्या एका वाक्याची वाट बघत होतं, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी बोललेलं, लेखकाने नाही, आणि मला ते सोडवेना. आणि खरं सांगू? नाना अजूनही मला टाळत होते, त्याचा राग होता. मी म्हटलं, तुम्हीच ठरवा.

त्याने ठरवलं. बायकांचं म्हणणं त्याने धरलं. आबांचं दुसरं घर निघालं. महिन्याभरात आबांना झटका आला, गोदाक्काने तिरडीशेजारी बसून ती गोष्ट सांगितली, आणि माझं एवढं कौतुक झालं की विचारू नकोस. बाहेर कुणी भेटलं की माझे हात हातात घ्यायचे. गोदाक्का झाल्यापासून पहिल्यांदा लोकांना माझी दया आली होती. दिलीपने नानांकडे एकट्याचा फोटो मागितला. नाना पाकिटात नेहमी चार-सहा फोटो बाळगायचे. त्यांनी काहीही न विचारता एक काढून दिला. त्यांना खूण वाचता येत होती, माझ्यापेक्षा चांगली.

त्यांच्या कामाच्या शेवटच्या दिवशी, मेकअप पुसून झाल्यावर, नाना माझ्या खोलीत आले. खिशातून उजवा हात काढला आणि टेबलावर ठेवला. तो थरथरत होता. बारीक, न थांबता, पंख्याजवळ ठेवलेल्या कागदासारखा.

म्हणाले, "ओमानला जायच्या आधीपासून आहे. तुम्ही हात वाचता, म्हणून तुमच्यापासूनच लपवत होतो. पण त्यांनी पाहिलंच असणार, विमलताई. नाहीतर आबाला असा कशाला मारतील? नीट केलं त्यांनी. तोंडावर काही बोलले नाहीत."

आणि मी, जिला एक वाक्य घुसवायला आधी कागद लागला नव्हता, ती एक वाक्य बोलले नाही. म्हटलं, तब्येतीला जपा. त्यांनी थरथरता हात माझ्या डोक्यावर ठेवला आणि गेले. रत्नागिरीला भावाकडे राहायला गेले. पुढे दोन नाटकवाल्यांनी विचारलं, तर दोघांनाही म्हणाले, की आता हात दिसतो. मी दिवाळीला फोन करायची. दोन वर्षं केला. मग त्यांचा आवाज ऐकणं मला जड जायला लागलं, आणि मी कामाचं निमित्त काढलं.

मालिका संपली तेव्हा सगळे जेवायला जमलो होतो. लेखक माझ्या ताटाशेजारी येऊन बसला. मी विचारलं, की ओमानच्या वेळी मला काढायचं ठरलं होतं का, खरं सांग. तो हसायलाच लागला. तुम्हाला? तुमच्यावर तर पुढचं सगळं लिहिलेलं होतं. मग मी विचारलं, आणि आबांना? त्यांचा हात? तो म्हणाला, "कुठला हात? आबा शेवटच्या भागापर्यंत होते काकू. तुमच्या त्या वाक्यानंतर त्यांना जिवंत ठेवायला जागाच उरली नाही."

मी हात धुतला आणि घरी आले. त्याला आता दोन वर्षं झाली. तेव्हापासून मी मुलाकडे इथे आहे. मुलगा म्हणतो, विसर गं आई, मालिका होती. तो कामावर गेला की मी त्या बंगल्यावरून फिरायला जाते. तिथे आता एक गोरं कुटुंब राहतं. स्वयंपाकघराची खिडकी बाहेरून दिसते.

तर मंजिरी, हा तुझा लेख. कारकीर्द यातच आली. दिवाळीनंतर सलीमभाई सुट्टीला गावी जाणार आहेत, इन्शाल्ला म्हणालेत. दापोलीहून पुढे रत्नागिरीला जाऊन अंक स्वतः नानांच्या हातात देईन म्हणून कबूल केलंय. तू मला तेवढा एक अंक वेळेत आणून दे, आणि दारातून पळू नकोस. इथून पुढचं तुझ्यासाठी नाही, पण छापायचं मात्र आहे. चारचौघांत बोलले होते ते वाक्य, म्हणून हेही चारचौघांत.

नाना, तुमचा हात कुणीही पाहिला नव्हता. दिग्दर्शकाने नाही, लेखकाने नाही, कॅमेऱ्याने नाही, आणि हात वाचणाऱ्या मीही नाही. मी खिसा पाहिला आणि भलतंच वाचलं. आबा तुमच्या हाताने गेला नाही, मी घालवला. तुम्ही कामं सोडलीत ती एका खोट्या समजुतीवर, आणि ती समजूत मी तुमच्याजवळ राहू दिली, कारण खरं सांगितलं तर तुम्ही माझ्याकडे कसे बघाल याची मला भीती वाटत होती. रागावायचं असेल तर रागवा, पण फोनवर नको, समोर बसून रागवा. मुलगा व्हिसाचं बघतो. सलीमभाई परत येताना तुम्हाला बरोबर घेऊन येतील, विमानात खिडकी तुम्हाला द्यायचंही कबूल केलंय. थंडीत इथली हवा छान असते, कोट चालेल. चहा मी अर्धाच कप भरून देईन, दोनदा देईन. या लवकर.